हत्ती कोणाला दिसतो?

ईद मिलनाच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास ऐकू येते : सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. व्यासपीठावर मौलाना असतात, पाद्री असतात, एखादे महाराज असतात. टाळ्या पडतात, शीरखुर्मा होतो, माणसे घरी जातात. ज्या शहरांनी दंगली पाहिल्या आहेत तिथे अशा कार्यक्रमांची गरज आहे. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण त्या एका वाक्यामुळे पाद्रीसाहेबांना जे खरोखर सांगायचे असते ते सांगण्याची वेळच येत नाही. मौलानांवरही येत नाही.

पश्चिमेत याच वृत्तीला तत्त्वज्ञानाचा आधार मिळाला. 1979 साली ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार या फ्रेंच विचारवंताने उत्तर-आधुनिक काळाचे लक्षण सांगितले : साऱ्या जगाचा अर्थ लावू पाहणाऱ्या महाकथनांवरचा अविश्वास. या अविश्वासाला कारणे होती. युरोपने धर्मयुद्धे केली, वसाहती लुटल्या, दोन महायुद्धे लढली, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ठामपणे सांगत होते की सत्य आपल्याच बाजूला आहे. मग लोक म्हणू लागले, तुझे सत्य तुला लखलाभ, माझे मला. अशा हवेत, ईसांचा संदेश सर्वांसाठी आहे असे मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाने बोलायचे तरी कसे?

या प्रश्नाशी ज्यांनी प्रामाणिकपणे झुंज दिली त्यांत लेस्ली न्यूबिगिन यांचे नाव मला महत्त्वाचे वाटते. हा इंग्रज मिशनरी 1936 साली भारतात आला, तमिळनाडूत राहिला, दक्षिण भारतातील चर्चचा बिशप झाला आणि 1974 साली मायदेशी परतला. पुढे बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन या गरीब वस्तीत त्यांनी एक लहानसे चर्च सांभाळले. तिथला त्यांचा अनुभव आपण मुसलमानांनी मुद्दाम वाचावा असा आहे. आशियाई कुटुंबांच्या घरी त्यांचे स्वागत होई, ईश्वराविषयी बोलणे सहज निघे. गोऱ्या इंग्रजांच्या दारात मात्र थंड उपेक्षा वाट्याला येई. भारतातल्या विरोधापेक्षा ही उपेक्षा त्यांना जड गेली. विरोध करणारा निदान तुमचे म्हणणे ऐकतो.

1989 साली बहुधर्मी समाजातील शुभवर्तमानावर त्यांचे पुस्तक आले. त्यात त्यांनी हत्ती आणि आंधळ्यांची आपली जुनीच गोष्ट घेतली आहे. एकाला हत्ती खांबासारखा वाटतो, एकाला सुपासारखा, एकाला दोरीसारखा. तात्पर्य ठरलेले : प्रत्येक धर्माच्या हाती सत्याचा एकेक तुकडा. न्यूबिगिन विचारतात, पण पूर्ण हत्ती कोणाला दिसतो? गोष्टीतल्या राजाला. म्हणजे सगळे धर्म चाचपडत आहेत असे म्हणणारा स्वतःला डोळस राजा समजत असतो. वरून नम्र दिसणाऱ्या या गोष्टीत केवढा मोठा दावा दडला आहे! हे वाचल्यापासून ती गोष्ट मला पूर्वीसारखी ऐकवत नाही.

त्यांची आणखी एक आठवण आहे. तमिळनाडूत असताना ते आठवड्यातून एक संध्याकाळ रामकृष्ण मिशनच्या मठात संन्याशांबरोबर जमिनीवर बसून उपनिषदे आणि शुभवर्तमान वाचत. तिथल्या दालनात थोर धर्मगुरूंच्या तसबिरींत येशूचीही तसबीर होती आणि नाताळात तिची पूजा होई. त्या आदराविषयी त्यांना शंका नव्हती. पण त्यांच्या लक्षात आले की येशूला इथे आधीच तयार असलेल्या चौकटीत बसवले आहे, त्यामुळे चौकटीला काही धक्का लागत नाही. मग त्यांना हेही दिसले की पश्चिमेनेही येशूला आपल्या सोयीच्या चौकटीत असेच बसवले आहे.

हे वाचताना मला आपली सवय आठवते. ख्रिस्ती माणूस बोलू लागला की आपण चटकन म्हणतो, आम्हीही हजरत ईसांना (अ.) मानतो. हे खरेच आहे. त्यांना पैगंबर मानल्याशिवाय आपला ईमान पूर्ण होत नाही. पण ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने क्रूस, मृत्यू आणि पुनरुत्थान वगळले तर सांगण्यासारखे फारसे उरत नाही, आणि नेमके तेच आपण नाकारतो. 'आम्हीही मानतो' असे म्हणून विषय मिटवणे ही आपली तसबीर झाली.

माझा एक ख्रिस्ती मित्र आहे, शाळेतला सहकारी. अम्मीच्या दफनाला तो आला, कब्रस्तानाच्या कडेला शेवटपर्यंत उभा राहिला. नंतर घरी बसल्यावर म्हणाला, "शेवटी सगळे एकच रे." त्याचे येणे मी विसरणार नाही, पण ते वाक्य मला पोकळ लागले. आईला नुकतेच मातीत ठेवून आलो होतो. मृत्यूविषयी तो खरोखर काय मानतो ते मला ऐकायचे होते.

काही महिन्यांनी शाळा सुटल्यावर मी त्याला हे बोलून दाखवले. तो म्हणाला, "मला भीती वाटली. तुझ्या दुःखाचा मी फायदा घेतोय असं तुला वाटलं असतं. आणि हल्ली आमच्या तोंडून येशूचं नाव निघालं की लोकांना धर्मांतरच दिसतं."

मग तो बोलला. येशू मेला आणि उठला, म्हणून आपल्या माणसांचा मृत्यू हा शेवट नाही, असे त्याने सांगितले. मी माझे सांगितले : आम्ही कयामत मानतो, हिशेब मानतो, अल्लाहची रहमत मानतो, पण हजरत ईसांना क्रूसावर मृत्यू आला असे मानत नाही. त्याने विचारले, "म्हणजे मी चुकतोय असं तुला वाटतं?" मी म्हणालो, "या बाबतीत, हो. आणि तुला?" तो म्हणाला, "मलाही तसंच वाटतं." दोघांनाही थोडे अवघडल्यासारखे झाले. पण त्या दिवसापासून आमच्या बोलण्यातले एक कुलूप निघाले.

सांगण्याला अर्थातच मर्यादा हवी. भूक, आजार, फी किंवा नोकरी पुढे करून धर्म सांगणे हा सौदा आहे, मग सांगणारा पाद्री असो वा आपला दाई. दीनमध्ये सक्ती नाही ही कुरआनची शिकवण आहे, आणि ग्रंथधारकांशी चर्चा उत्तम रीतीनेच करावी असा आदेशही आहे. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या मशिदीत त्यांची प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत येते. हजरत ईसांविषयीचा मतभेद तेव्हा मिटला नाही. करार झाला आणि ते आपल्या धर्मासह परतले.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माच्या 'प्रचारा'चा हक्क आहे. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत या शब्दावर वाद झाला आणि तरीही तो राहिला. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा हक्क नाही. त्या निकालावर वाद आहेत, पण सांगण्याचा हक्क त्यानेही मान्य केला. आज तो हक्क बजावताना माझा मित्र घाबरतो. उद्या दावतचा शब्द काढताना आपणही घाबरू. म्हणून त्याची भीती ही एकट्या ख्रिस्ती समाजाची बाब नाही.

रेव्हरंड टिळकांचे घर मराठी वाचकाला माहीत आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मधल्या काळात रडारड झाली, ताटातूट झाली, मग दोघे पुन्हा एकत्र आले आणि काही काळ एका छपराखाली दोन धर्म नांदले. सगळे एकच आहे असे म्हणून त्यांनी तो प्रश्न टाळला असता तर त्रास कमी झाला असता. पण मग लक्ष्मीबाईंच्या नाही म्हणण्याला किंमत राहिली नसती, आणि नंतरच्या हो म्हणण्यालाही नाही.

माझ्या ख्रिस्ती वाचकांना म्हणूनच सांगतो : तुमचे सांगणे आमच्यापासून लपवू नका. आम्ही ऐकू, प्रश्न विचारू, बहुधा नाही म्हणू, आणि आमचेही सांगू. चहा मात्र आमच्याकडे घ्यायचा.