शब्दांची शिदोरी

प्रवासास निघण्यापूर्वी शिदोरी बांधून घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. शिदोरी जड झाली तर पाय अवघडतात. अगदीच हलकी झाली तर अर्ध्या वाटेत भूक लागते. मुलांबरोबर एखादी मोठी साहसकथा वाचावयास घेताना शब्दांच्या बाबतीतही हेच घडते. हे मला माझ्या दोन मुलांनी शिकविले, आणि तेही माझ्या हातून एक चूक घडल्यानंतर.

भाषांतर हा माझा पेशा. दिवसभर इतर भाषांतील मजकूर मराठीत आणावयाचा आणि संध्याकाळी घरी यावे तो मराठी हळूहळू घराबाहेर चाललेली पाहावयाची, असा काहीसा विचित्र अनुभव मी घेत होते. मुले दिल्लीत वाढलेली. कन्या बारा वर्षांची, धाकटा नऊचा. दोघांनाही मराठी समजते. पण उत्तर येते ते हिंदीत. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे वडील, रत्नागिरीस असतात. दर रविवारी त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे होई. ''बरा आहेस का रे?'' ''हो आजोबा.'' ''अभ्यास करतोस ना?'' ''हो आजोबा.'' एवढ्यावर संभाषण संपे. माया होती, शब्द नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज रात्री स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी मुलांना मराठीतून वाचून दाखवावी, असे मी ठरविले. समुद्र, गलबत, चाचे आणि पुरलेला खजिना! याहून मुलांना आणखी काय हवे? परंतु माझ्यातील संपादिका गप्प बसेना. मी कादंबरीतील चाळीस कठीण शब्द निवडले, वहीत अर्थांसह उतरवून दिले आणि ते पाठ झाल्यावाचून गोष्ट सुरू व्हावयाची नाही, असा दंडक घातला. तिसऱ्या दिवशी धाकट्याने वही मिटली आणि विचारले, ''आई, ही सुट्टी आहे की शाळा?'' कन्येने सारे अर्थ घडाघडा म्हणून दाखविले. पण ''शीड उतरविले तर गलबताचे काय होईल?'' या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. शब्द तोंडात आला होता, डोळ्यांपुढे नव्हता.

त्या रात्री मी या कादंबरीच्या जन्माची हकीकत पुन्हा वाचली. सन 1881 च्या उन्हाळ्यात स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी राहावयास गेला होता. बाहेर पाऊस. घरात त्याचा तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड. चित्रे रंगविण्याच्या त्या खेळातून एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि नकाशातून गोष्ट. लिहिलेली प्रकरणे तो घरच्या मंडळींना वाचून दाखवी. त्याचे वृद्ध वडील दीपगृहे बांधणारे अभियंते. तेही या खेळात ओढले गेले आणि जुन्या खलाशाच्या पेटीत कोणकोणत्या वस्तू निघाव्यात याची यादी त्यांनीच करून दिली. पुढे 1883 मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. म्हणजे हे पुस्तकच मुळी आजोबा, बाप आणि मुलगा यांनी मिळून खेळलेला एक घरगुती खेळ! त्याच्या दाराशी मी परीक्षेची चौकी बसविली होती.

दुसऱ्या दिवशी वही कपाटात गेली आणि न्हाणीघरातील मोठे टब व्हरांड्यात आले. लाकडाची एक फळी हे गलबत, खराट्याची काडी ही डोलकाठी आणि रुमाल हे शीड. मेजावरचा पंखा लावताच गलबत निघाले. रुमाल काढला, गलबत थांबले. मागे पत्त्याचा तुकडा तिरपा खोचला, गलबत वळले, ते सुकाणू. नांगराची पाळी आली तेव्हा धाकटा म्हणाला, ''ते तर लंगर! पण लंगर म्हणजे गुरुद्वारातले जेवण ना?'' आम्ही पुष्कळ हसलो. मराठीत शेत नांगरणारा तो नांगर आणि गलबत थोपविणाराही नांगरच. दोघेही जमिनीत रुततात, हे मात्र कन्येने आपण होऊन सांगितले. हा अर्थ माझ्या वहीत नव्हता.

एक शब्द टबात दाखविता येईना: ओहोटी. यमुनेच्या काठी वाढलेल्या मुलांना पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, हे कसे पटावे? आणि ओहोटी कळल्यावाचून या कथेचा एक मोठा प्रसंगच कळणार नाही. जिम रात्री लहानशा होडीतून जातो, गलबताचा दोर कापतो आणि ओहोटीचे पाणी ते गलबत ओढून नेते. अखेर मी आजोबांना दूरध्वनी लावला आणि तो धाकट्याच्या हाती दिला. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे कशी सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण का येते, खाडीच्या तोंडाशी मचवे पाण्याची वाट पाहत कसे थांबतात, असे कितीतरी ते सांगत राहिले. पंचवीस मिनिटे झाली. मध्येच मुलगा त्यांना विचारीत होता, आणि मराठीत विचारीत होता.

तेव्हापासून मी शब्दांच्या तीन वाटण्या करू लागले. ज्यावाचून प्रसंगच उभा राहत नाही असे सात-आठ शब्द आधी, वस्तू दाखवून किंवा खेळातून. संदर्भाने उलगडतील ते शब्द तसेच सोडावयाचे. मुलांना अंदाज बांधू द्यावा, चुकू द्यावा. उरलेले केवळ रंग भरणारे शब्द वाऱ्यावर जाऊ द्यावेत. सिल्व्हरचा पोपट ज्या 'आठाच्या नाण्यां'चा घोष करतो, त्यांचा अर्थ मी मुद्दामच सांगितला नव्हता. मुलांनी विचारले, तेव्हाच ते आठ रेआलांचे स्पॅनिश रुप्याचे नाणे असल्याचे सांगितले. आपण विचारून मिळविलेला शब्द विसरत नाही.

काही शब्द आधी सांगावेत, पण गोष्टीशी त्यांचा संबंध जोडू नये. नाहीतर रहस्य फुटते. 'फितुरी' हा त्यांतला. वाचन सुरू होण्यापूर्वी जेवताना किल्ल्यांच्या गोष्टी निघाल्या, तेव्हा तो मी सहज वापरला होता. बंड उघड असते, फितुरी आतून पोखरते, एवढेच म्हटले. पुढे एका रात्री जिम सफरचंदांच्या पिंपात दडून सिल्व्हरचे बोलणे ऐकतो, त्या प्रसंगापाशी आम्ही आलो. मी वाचीत होते. धाकट्याने माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजला, ''आई, ही फितुरी!'' त्या क्षणी माझ्या चाळीस शब्दांच्या वहीची मला मनापासून लाज वाटली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांत मुलांची मराठी सुटत चालल्याची खंत वारंवार ऐकू येते. उपदेशाने ती टिकत नाही, असे मला वाटते. ज्या शब्दाशी एखादी वस्तू, एखादे माणूस किंवा एखादे भय जोडलेले असते, तोच शब्द घरात वस्तीला राहतो. मोठी यादी नको. रोज थोडी शिदोरी, आणि वाटेत भूक लागेल एवढी जागा रिकामी.

कादंबरी महिन्याभरात संपली. पुढल्या रविवारी दूरध्वनी मी लावण्यापूर्वीच धाकट्याने लावला होता. ''आजोबा,'' तो विचारीत होता, ''आज भरती किती वाजता आहे?''