उन्हातली नोकरी आणि वांगाचे डाग

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाचं काम करायचं म्हणजे उन्हाशी रोजची गाठ. मोजणी लागली की बांधाबांधाने फिरायचं, हद्दीच्या खुणा शोधायच्या, रोव्हरची, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणाऱ्या यंत्राची काठी सरळ धरून एकेक रीडिंग घ्यायचं. लगतचे खातेदार जमेपर्यंत अकरा वाजतात आणि खरं काम भर दुपारी होतं. बाळंतपणाच्या रजेनंतर मी पुन्हा रुजू झाले आणि गरोदरपणात गालांवर आलेले वांगाचे फिकट डाग बघता बघता गडद झाले.

त्वचेच्या डॉक्टरांनी डाग पाहिले आणि म्हणाल्या, "मलमाचं नंतर बघू. आधी उन्हाचा बंदोबस्त करा. त्याशिवाय कुठलंच औषध टिकणार नाही." सनस्क्रीनची ट्यूब घेऊन घरी आले तर सासूबाईंनी विचारलं, "अगं, हे अंगात मुरत असेल ना? लेकरू अंगावर पितंय, वर तुझ्या गालाला तोंड लावतं. त्याच्या पोटात गेलं म्हणजे?"

प्रश्न अगदी रास्त होता. ट्यूबमागची बारीक अक्षरं मी मोबाइलच्या उजेडात वाचून काढली. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, अव्होबेन्झोन. मग या प्रत्येकाबद्दल मिळेल ते वाचत गेले.

सासूबाईंची शंका शास्त्रज्ञांनाही आलेली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये एक चाचणी केली. निरोगी माणसांच्या जवळजवळ पाऊण अंगाला दिवसातून चार वेळा, सलग चार दिवस सनस्क्रीन लावलं आणि रक्त तपासलं. अव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं रक्तात उतरलेली दिसली, आणि ज्या पातळीपुढे अधिक तपासणी हवी असं ते प्रशासन मानतं त्या पातळीच्या वर होती. ऑक्सिबेन्झोन आईच्या दुधातही सापडलेलं आहे. म्हणजे मुरतं हे खरं. पण मुरतं म्हणजे अपाय करतंच, असं त्यातून सिद्ध होत नाही. ती चाचणी करणाऱ्यांनीही सनस्क्रीन बंद करा असं सांगितलं नाही. त्याच वर्षी त्या प्रशासनाने मांडलेल्या प्रस्तावात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही दोनच द्रव्यं उपलब्ध पुराव्यावर सुरक्षित आणि गुणकारी मानली. बाकीच्यांपैकी बारा रसायनांबद्दल आणखी माहिती मागितली. युरोपीय महासंघाने २०२२ मध्ये अंगभर लावायच्या सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोनचं प्रमाण २.२ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं. हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून थांबवली, पण ती समुद्रातल्या प्रवाळांच्या काळजीपोटी. माणसाच्या त्वचेचा प्रश्न वेगळा आहे, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की भीती उगाच दुप्पट होते.

हे सगळं घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाळ अंगावर पितंय तोवर झिंक ऑक्साइडचं घ्या. ते त्वचेच्या वरच्या थरावरच राहतं, रक्तात जवळपास जातच नाही. स्प्रे नको, तो श्वासातून आत जातो. आणि घरी आलात की आधी तोंड धुवा, मग बाळाला घ्या."

झिंकची पंचाईत म्हणजे त्याचा रंग. माझ्या गव्हाळ चेहऱ्यावर ते राख फासल्यासारखं दिसायचं. केसांच्या कडेला आणि भुवयांत पांढरं साचायचं, आणि चारचौघांत जायचं म्हणून हात आपोआप आखडायचा. डॉक्टरांनी त्यावर रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन सुचवलं. त्यात लोह ऑक्साइड असतं. आपल्या गेरूला रंग देणारं द्रव्य तेच. त्याने पांढरेपणा जातो, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही ते काही प्रमाणात अडवतं. सावळ्या, गव्हाळ त्वचेवरचा वांग या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि नुसता एसपीएफचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. एसपीएफ मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांचा हिशेब देतो. ३० एसपीएफ त्यातले सुमारे ९७ टक्के अडवतो, ५० एसपीएफ ९८ टक्के. जीपच्या बाजूच्या काचेतूनही आत येणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी 'पीए'पुढची अधिकची चिन्हं किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द बघावे लागतात.

हे आकडे खरे ठरतात ते मात्र भरपूर लावलं तरच. चाचणीत दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढाव्यात, आणि उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी, घाम फार आला तर त्याआधीही, पुन्हा लावावं. वाटाण्याएवढ्या ठिपक्यावर ५० एसपीएफचं संरक्षण मिळत नाही.

शेतात काम करताना माझा भरवसा मात्र आधी कापडावर आहे. कापूस वेचणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल गुंडाळतात. पुण्यात दुचाकीवरच्या मुली सनकोट आणि स्कार्फ बांधतात. मी दोन्हींकडून घेतलं. स्कार्फ विकत घेताना तो उजेडासमोर धरून बघते. विणीतून पलीकडचं दिसलं तर तो परत ठेवते. घट्ट विणीचं कापड घामाने उतरत नाही, त्यात मुरायला काही नसतं आणि धुऊन वर्षभर वापरता येतं. कापडाने झाकता येत नाही तेवढ्याच भागाला क्रीम लावलं की ट्यूबही पुरते आणि सासूबाईंची शंकाही बरीचशी मिटते. खातेदारांना मी आता आधीच फोन करून सकाळी सातला बोलावते. दहा ते चारचं ऊन सगळ्यात कडक. त्यातलं जेवढं टळेल तेवढं टाळते.

डाग पूर्ण गेलेले नाहीत, पण फिकट झालेत. उन्हात काम करणाऱ्या प्रत्येकीला मला एवढंच सांगावंसं वाटतं: घटक वाचा, शंका आली तर डॉक्टरांना निःसंकोच विचारा, पण घटकांच्या भीतीने उघड्या चेहऱ्याने उन्हात जाऊ नका. आणि जी कार्यालयं, जे ठेकेदार बायकांना भर दुपारी रानात, रस्त्यावर पाठवतात, त्यांनी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती कोट आणि सकाळची वेळ एवढं तरी द्यायलाच हवं. उन्हापासून संरक्षण ही सौंदर्याची हौस नाही. उन्हातल्या कामाचं ते साहित्य आहे, आणि ते पुरवणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.