हुंकार

पहाटे सहाला अजून पाच-सात मिनिटं असायची आणि आमच्या घरातला रेडिओ नुसता खरखरत असायचा. चुलीत पऱ्हाट्यांनी नुकता जीव धरलेला, गोठ्यातून बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा एखादा अर्धवट ठोका, सड्यानं भिजलेल्या अंगणाचा वास, आणि या सगळ्याच्या तळाशी ती बारीक, कोरडी, एकसुरी खरखर. दूरच्या कुठल्या घरी कोणी सुपात ज्वारी पाखडत असावं तशी. बाबा खाटेवर पाय वर घेऊन बसलेले असत, अंगठा चाकाच्या दातेरी कडेवर टेकलेला. ते चाक फिरवत नसत. अंगठा नुसता तिथे असे. मग एका क्षणी, काहीही वाजायच्या आधी, ती खरखर दबायची. झोपेत कण्हणाऱ्या लेकराच्या पाठीवर आईनं हात ठेवावा आणि ते निवावं, तशी खाली बसायची. बाबा हळूच म्हणायचे, "आला."

कोण आला, हे मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर आकाशवाणीची ती धून यायचीच. मायदेशाच्या वाटा बंद होत गेलेल्या काळात प्रागहून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकारानं १९३० च्या दशकात बांधलेली, शिवरंजनीच्या अंगानं जाणारी, तंबोऱ्यावरून व्हायोलिनचा हात फिरत जावा तशी. सगळ्यांना आठवते ती धून. मला मात्र तिच्या आधीचा तो निवलेला क्षण आठवतो. एखाद्या खोलीत कोणी शांत बसलेलं असलं, की दार उघडण्याआधीच खोली रिकामी नाही हे कळतं ना, तसा.

पुढे कधीतरी समजलं, की त्या क्षणी तिकडे नागपूरला प्रक्षेपक सुरू होत असे. कार्यक्रमाआधी केंद्र आपली रिकामी लहर हवेत सोडतं. तिच्यावर स्वार कोणी नसतो, पण ती पोचली की इकडच्या संचाला आधार मिळतो, तो आपली धडपड आवरतो आणि खरखर उतरते. १६ जुलै १९४८ पासून बोलत असलेलं हे नागपूर केंद्र आमच्याकडे मध्यमलहरींवर यायचं, ५८५ किलोहर्ट्झवर. एकेक लाट सुमारे ५१२ मीटर लांब. म्हणजे आमच्या ओसरीपासून मळ्यातल्या विहिरीपर्यंत एकच लाट. एवढ्या लांब पावलाच्या पाहुण्याला पुसदच्या भोवतालचे डोंगर काय अडवणार? जमीन धरून, घाट उतरून तो रोज आमच्या घरी यायचा. शेजारच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते त्या दिवसांत, हायब्रिड ज्वारीचं नाव घरोघरी झालं तेव्हा, बाबांनी त्याच पाहुण्याच्या भरवशावर नवं बियाणं पेरलं होतं. कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, पहाटेचे अभंग, सगळं त्याच्याच तोंडून.

बाबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. आई ऐंशीची आहे, आणि तिला अजून नागपूरच हवं असतं. यवतमाळला आकाशवाणीचं आपलं केंद्र आहे, १०२.७ मेगाहर्ट्झवर, पण एफएमची लाट नजरेसारखी सरळ चालते, मध्ये डोंगर आला की थबकते. जुन्या संचावर मध्यमलहरी लावाव्यात तर घरच आता आतून कुरकुरतं. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. प्रत्येकाची त्या पट्टीत स्वतःची भुणभुण, आणि त्या भुणभुणीच्या पलीकडे नागपूर, यात्रेत हात सुटलेल्या माणसासारखं. कधी ऐकू येतं, कधी नाही. प्रसार भारतीच्या मोबाइल अ‍ॅपवर दोनशेहून अधिक केंद्रं आहेत खरी, पण काचेवरून बोट सरकवून उघडणारी वस्तू आईला रेडिओ वाटत नाही. "घरात बोलत राह्यला पाह्यजे तो," ती म्हणते. "आपण त्याले काहून बोलवायचं?"

म्हणून मी भाच्यानं टाकून दिलेला जुना लॅपटॉप घेतला. नव्या विंडोजचं ओझं त्याला झेपत नव्हतं. त्याच्यावर लिनक्स चढवलं. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं हौसेपोटी लिहायला घेतलेलं आणि पुढे जगभरच्या अनोळखी हातांनी वाढवलेलं. जुन्या यंत्रांना ते अजून नीट वागवतं. एमपीव्ही नावाचा साधा वाजवणारा घेतला, त्याला नागपूरच्या प्रवाहाचा पत्ता दिला, लॅपटॉपचं झाकण लावलं तरी झोपायचं नाही अशी त्याला समज दिली, आणि तो देवळीत, जिथे बाबांचा रेडिओ असायचा तिथे, छोट्या स्पीकरसह ठेवून दिला. नागपूर आलं. स्वच्छ, जवळ, खरखरीचा कणही नाही. आईनं पदरानं देवळीची कड पुसली. मी दोन दिवसांनी पुण्याला परतलो.

आठवडाभरात फोन. "अरे बाबू, चूप बसून राह्यला तो कालपासून."

मी इथून जोडणी करून पाहिलं. यंत्र म्हणत होतं, चालू आहे. वाजवणारा जागा होता, मेला नव्हता, पडला नव्हता. फक्त त्याच्याकडून काही ऐकू येत नव्हतं. गावातली लाइन गेली असणार, घरातलं इंटरनेट क्षणभर तुटून परत आलं असणार, आणि हा मात्र तुटलेल्या टोकाला कान लावून तसाच बसून राहिलेला. चालू आहे, पण बोलत नाही. या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. जुना रेडिओ बिघडला की ओरडायचा, शिट्ट्या मारायचा, खरखरायचा. विजा दिसायच्या आधीच कडकडून पाऊस येतोय हे सांगायचा. त्याच्या बिघाडालाही आवाज होता. या नव्या पाहुण्याचा बिघाड मुका. शांतता आहे, पण ती आपल्याच कानांत घुमणारी, पलीकडे कोणी नसलेली.

मग मला आजी आठवली.

उन्हाळ्यात अंगणात ओळीनं खाटा पडायच्या आणि आजी गोष्ट सांगायची. पण तिची एक अट असे. हुंकार द्यायचा. प्रत्येक वाक्याला कोणीतरी "हूं" म्हणायचं, नाहीतर "मग?" विचारायचं. "हूं" आला की राजपुत्र पुढे निघायचा, "हूं" थांबला की राजपुत्र घोड्यासकट जंगलात थांबायचा, आणि अंधारातून आजीचा आवाज यायचा, "निजले काय रे लेकरांनो?" कधी कधी उलटही व्हायचं. आजीलाच डुलकी लागायची, आणि मी आपला जागा, डोळे तारवटून, चांदण्या बघत, पुढच्या वाक्याची वाट पाहत. ती नुसती थांबली आहे की झोपली आहे, हे लहानपणी कळायचं नाही. किती वेळ थांबावं हेही कळायचं नाही.

इंटरनेटवरचा रेडिओ अगदी आजीच्या गोष्टीसारखा चालतो. नागपूरच्या मध्यमलहरीला आमच्या हुंकाराची गरज नव्हती. ऊन पडावं तशी ती सगळ्या वऱ्हाडावर पडायची, घेणाऱ्यानं घ्यावी. हा नवा प्रवाह काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, आणि ऐकणारं यंत्र प्रत्येक तुकड्यामागे विचारतं: मग? पोचलेल्या पुडक्यांची पोच परत जाते: हूं. त्या देवळीतून पलीकडे दिवसभर, रात्रभर हजारो हुंकार जात असतात, आणि त्यांच्याच आधारानं गाणं पुढे सरकतं. वाटेत दोर तुटला आणि कोणी कोणाला सांगितलंच नाही, तर ऐकणारा चांदण्या बघत बसून राहतो. आमच्या लॅपटॉपचं तेच झालं होतं. त्याला कोणीतरी शिकवायला हवं होतं, की किती वेळ थांबावं, आणि मग उठून हाक मारावी.

ते शिकवण्यात माझ्या पुष्कळ रात्री गेल्या, आणि खरं सांगू, त्या बऱ्या गेल्या. वाजवणारा मुळात साठ सेकंद वाट पाहतो, निदान कागदोपत्री. मी ती पंधरावर आणली. पंधरा सेकंदांत पलीकडून काही आलं नाही, तर थांब आणि बाजूला हो. मग त्याला पुन्हा उभं करायला सिस्टिमडी नावाचा लिनक्सचा घरगडी आहे, त्याच्या वहीत लिहून ठेवलं, की हा कधीही पडला तरी नेहमीच उठव. तरी एकदा लाइन गेली आणि रेडिओ कायमचा रुसला. शोधलं तेव्हा कळलं, की हा घरगडी पडलेल्याला सेकंदाच्या दहाव्या भागात उठवतो. पण इंटरनेटच नसताना तो पुन्हा पडतो, पुन्हा उठतो, आणि दहा सेकंदांत पाच वेळा असं झालं की घरगडी हात टेकून बसतो. दारावर घाईघाईनं पाच थापा मारून, कोणी नाही म्हणून परत जाणाऱ्या पोरासारखा. मी लिहिलं: प्रत्येक हाकेआधी पाच सेकंद थांब. एवढंच. सावकाश हाका मारणाऱ्याची मोजणी कधी पाचापर्यंत पोचतच नाही. तो रात्रभर हाका मारू शकतो, लाइन येईपर्यंत, उजाडेपर्यंत.

आणि एक शब्द. लॅपटॉपवर कोणी आपल्या नावानं आत गेलेलं नसलं, की त्याची कामंही थांबतात. तसं होऊ नये म्हणून एक आज्ञा द्यावी लागते. तिच्यातला शब्द आहे 'लिंगर'. रेंगाळ. माणूस उंबरा ओलांडून गेला तरी त्यानं लावून दिलेलं काम मागे घरात चालू राहो, एवढाच तिचा अर्थ. मध्यरात्री ती आज्ञा टंकताना मी देवळीतल्या त्या यंत्रावर खातं कोणाच्या नावानं उघडलं होतं ते आठवलं. बाबांच्या.

आता लाइन जाते, येते. पावसाळ्यात तर दिवसातून चारदा. रेडिओ गप्प होतो. आई स्वयंपाकघरातून मान वळवून देवळीकडे बघते, आणि मोजत नाही काही, नुसती हातातली पोळी तव्यावर टाकते. तेवढ्यात पलीकडचा आवाज परत येतो, अर्ध्या वाक्यापासून, आणि ती म्हणते, "हूं." तिला वाटतं तिचा हुंकार ऐकून तो बोलू लागला. मी तिला बाकीचं सांगितलेलं नाही.

तुकडे भरून येईपर्यंत थोडा वेळ लागतो, म्हणून बातम्यांच्या आधीचे वेळेचे टोलेही आमच्या घरी जगापेक्षा उशिरा पडतात. आईनं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्यावरच लावलं आहे. ते आता अर्धं मिनिट मागे चालतं.