नक्कल घरी, तालीम वर्गात

गोव्यातल्या कुठल्याही गावात जत्रेचं नाटक बसतं, तेव्हा एक नियम सगळेच पाळतात. नक्कल घरी पाठ करायची आणि तालमीला नाटक करायचं. दिग्दर्शक रोज सगळ्यांच्या नकला वाचून दाखवत बसला, तर ते नाटक पुढच्या जत्रेलासुद्धा उभं राहणार नाही!

कॉलेजात मात्र नेमकं उलट चालतं. तासभर सर नक्कल वाचतात आणि मुलं उतरवून घेतात. खरी तालीम म्हणजे उदाहरणं सोडवणं, अडणं, डोकं खाजवणं. ती मात्र घरी आणि एकट्यानं! अडलं तर विचारायला तिथं कुणी नसतं.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हा क्रम फिरवण्याच्या पद्धतीला आज 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात. हे नाव गाजलं ते अमेरिकेतल्या कोलोराडोच्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या दोन शाळाशिक्षकांमुळे. २००७ पासून ते केमिस्ट्रीचे तास रेकॉर्ड करून मुलांना घरी बघायला देऊ लागले. पण फिजिक्समध्ये हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासूनच अशाच वाटेनं जात होते. धडा आधी वाचून यायचा. वर्गात सर एक प्रश्न टाकणार, प्रत्येकानं आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. सगळं मर्म त्या मधल्या वादात आहे.

माझा आवडता प्रश्न सांगतो. खनिजानं भरलेला टिपर आणि स्कूटर समोरासमोर धडकले, तर कोण कोणावर जास्त फोर्स लावेल? न्यूटनचा तिसरा नियम बारावी झालेल्या प्रत्येकाला पाठ असतो, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण उत्तराची कार्डं वर करायला सांगितली की निम्म्याहून जास्त मुलं टिपरला मत देतात. बिचारा न्यूटन!

मग मी म्हणतो, "आता एकमेकांना पटवा." आणि वर्गाची भाषाच बदलते. इतका वेळ 'यस सर, नो सर' चाललेलं असतं. आता मागच्या बाकावरून येतं, "ट्रकाक कितेंच जायना, मागीर फोर्स समान कसो?" दुसरा मराठीत उत्तर देतो, "अरे, फोर्स तेवढाच, पण स्कूटरचं वजन किती आणि टिपरचं किती? तोच धक्का हलक्या वस्तूला कितीतरी जास्त हलवणार ना?" हे बोलणारा मुलगा एरवी वर्षभर तोंड उघडत नाही.

का उघडत नाही? आमच्याकडची कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. तेव्हापासून शंका विचारायची म्हणजे आधी वाक्य जुळवायचं. वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या पानावर! शेजाऱ्याला विचारताना ही अडचण नसते. म्हणून माझ्या लेखी या पद्धतीची खरी कमाई व्हिडिओ नाही. विज्ञान मुलांच्या स्वतःच्या भाषेत बोललं जातं, ही आहे. व्हिडिओ नसला तरी चालतं. काही वाड्यांवर अजून धड रेंज नसते, म्हणून मी चार पानं छापून देतो. मुलं ती बसमध्ये वाचतात.

"पण सर, तुम्ही शिकवत नाही," अशी तक्रार येतेच. एका पालकांनी तर तोंडावर विचारलं, "मुलंच बोलणार, तर तुमचा पगार कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका प्रयोगात सापडतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात फिजिक्सच्या दोन मोठ्या वर्गांवर एक आठवडा तो झाला. नोबेल विजेते कार्ल वीमन त्यात होते आणि २०११ साली तो 'सायन्स'मध्ये छापून आला. एका वर्गाला विद्यार्थ्यांमध्ये नावाजलेल्या अनुभवी प्राध्यापकांनी नेहमीसारखं शिकवलं. दुसरा वर्ग नवख्या शिक्षकांनी घेतला, पण वाचून यायचं, वर्गात प्रश्न आणि वाद, अशा रीतीनं. चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के आली, दुसऱ्याची ७४!

आणखी गंमत २०१९ साली हार्वर्डमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसली. वर्गात स्वतः डोकं चालवणारी मुलं जास्त शिकली होती, पण त्यांना वाटत होतं, आपण कमी शिकलो! साहजिकच आहे. छान व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः झगडताना आपलं अज्ञानच आधी दिसतं. म्हणून मी हे पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगून टाकतो. जड वाटेल, घाबरू नका.

शिक्षकाचं काम मात्र यात कमी होत नाही, उलट वाढतं. नेमका प्रश्न शोधायला एकेक संध्याकाळ जाते. वर्गात बाकांमधून फिरताना कान टवकारून ठेवावे लागतात, कारण कधी कधी मोठ्या आवाजाचा मुलगा चुकीचं उत्तरसुद्धा सगळ्यांना पटवून मोकळा होतो. तिथं सरांनी मध्ये पडायलाच हवं. पगार त्याचाच, हो!

बाकी तुम्ही सांगा. टिपर आणि स्कूटरचं उत्तर वाचण्याआधी तुम्ही मनातल्या मनात कुणाला मत दिलं होतं?