राणीछाप रुपयाला गिऱ्हाईक हवंय!

मुंबईत चांदीचा रुपया जिथे जन्माला यायचा ती जागा आणि जिथे तो आजही मुशीत वितळतो ती जागा, यांच्यात अंतर किती? जेमतेम दोन किलोमीटर! फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर टांकसाळ आणि क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे, मुंबादेवीच्या शेजारी झवेरी बाजार. तुमच्या आजीच्या डब्यात राणीछाप रुपये असतील तर त्यांचं नशीब या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी ठरतं. कोण माणूस भेटतो, यावर सगळा खेळ.

आमच्याकडे असे साठ रुपये होते. माझे नाहीत, मैत्रिणीच्या आजीचे. आजी गेली, साताऱ्याचं घर आवरायला काढलं आणि तांदळाच्या डब्याच्या तळाशी पुरचुंडी निघाली. आजीने आधीच सांगून ठेवलं होतं, अर्धे नातवंडांना आणि अर्धे शेवटची अकरा वर्षं तिला सांभाळणाऱ्या मावशींना. नाणी तशीच वाटली असती तर कुणाला कुठलं, यावरून महाभारत झालं असतं. म्हणून विकून पैसे वाटायचे ठरले. आता स्वतःचा माल असता तर 'जाऊ दे ना यार' म्हणत पहिल्याच दुकानात देऊन मोकळं होता येतं. इथे निम्मा पैसा दुसऱ्याचा होता. चार हजार कमी आले की दोन हजार मावशींचे गेले.

बाजारात जायच्या आधी घरी होमवर्क करावा लागतो, आणि तो किचनमधल्या डिजिटल काट्यावर होतो. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकच रुपया चालवायचं ठरवलं. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आपला तोळा तो हाच. त्यात ९१.६७ टक्के चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध. त्याआधी अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना प्रकारचे रुपये होते आणि एकाचे दुसरे करून घेताना सराफ जी रक्कम कापून घ्यायचा तिला म्हणायचे बट्टा. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना, तो हाच. तुमच्या ऑफिसात कुणी पोतदार, पारखी किंवा नाणावटी असेल तर त्याचे पूर्वज नाणी पारखत बसलेले असण्याची शक्यता जाम आहे.

व्हिक्टोरिया, एडवर्ड सातवा, पंचम जॉर्ज. इथपर्यंत मामला सरळ आहे. गोची होते १९४० पासून. दुसरं महायुद्ध सुरू होतं, चांदीची टंचाई होती, म्हणून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी थेट ५० टक्क्यांवर आणली. दिसायला तसाच रुपया, हातात घेतला तर वजनही तेच! ओळखायचं सालावरून आणि कडेवरून. १९४० ते ४५ च्या या रुपयांच्या कडेवर मधोमध एक खाच फिरवलेली असते, बनावट नाणी ओळखता यावीत म्हणून. १९४७ चा रुपया तर निकेलचा, चांदी शून्य. मैत्रीण आयटीवाली, तिने एक्सेल शीट केली. साठपैकी ३६ पूर्ण चांदीचे, २४ निम्म्या चांदीचे.

ही शीट किती कामाची, ते आता हिशेबात बघा. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून चांदी किलोला एक लाख धरू. २०२५ मध्येच भाव त्याच्या पुढे गेला, तेव्हा आजच्या भावाने तुम्हीच वाढवून घ्या. झीज सोडली तर आमच्या साठ नाण्यांत सुमारे ५२५ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे साडेबावन्न हजार. आणि कुणी सगळ्यांनाच निम्म्या चांदीचे म्हणून मोजलं तर? ३५० ग्रॅम, पस्तीस हजार. फरक साडेसतरा हजारांचा, त्यातले मावशींच्या वाट्याचे पावणेनऊ हजार.

आणि झवेरी बाजारातल्या पहिल्या दुकानात नेमकं हेच झालं. एसी दुकान, काचेचं दार, थंडगार सरबत. मालकांनी पुरचुंडी काट्यावर ओतली, एक जॉर्ज उचलून कसोटीवर घासला आणि म्हणाले, "पचास टंच का माल है।" टंच म्हणजे धातूतली शुद्धता, शेकड्यात. घासलेलं नाणं १९४४ चं होतं, त्यामुळे त्या एका नाण्यापुरतं ते खोटं बोलत नव्हते! बाकीच्या एकोणसाठांचं काय, हे विचारल्यावर सरबताचे ग्लास तेवढे उचलले गेले.

शेख मेमन स्ट्रीटवर दुपारी चालणं म्हणजे विरार लोकलमध्ये डोअरला उभं राहणं. हातगाड्या, हिऱ्यांच्या पुड्या खिशात घेऊन फिरणारे दलाल, आणि वर पोटमाळ्यांवर मान खाली घालून काम करणारे बंगाली कारागीर. रस्त्यावरच्या शोरूमना नुसतं हाय करून पुढे चला, मजा आतल्या गल्ल्यांत आहे. दोन माणसं एकमेकांना खेटून जातील एवढ्या बोळात टंच काढून देणारे बसतात. पूर्वी नाणं खरवडून बघायचे. आता एक्स-रे मशीन आहे, नाणं आत ठेवायचं, मिनिटभरात चांदी किती, तांबं किती याची छापील चिठ्ठी हातात. यांना तुमचा माल घ्यायचा नसतो, फक्त फी घ्यायची असते. म्हणून झवेरी बाजारात मला सगळ्यात भरवशाचा वाटला तो हा चिठ्ठीवाला!

त्याच्या शेजारी गलाईवाल्याची भट्टी होती. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. हा धंदा करणारी मराठी माणसं भारतभर पसरली आहेत आणि त्यांतली कितीतरी सांगली जिल्ह्यातली, विटा, खानापूर, आटपाडी भागातली. हे दादाही खानापूर तालुक्यातलेच निघाले. मैत्रिणीचं साताऱ्याचं बोलणं ऐकून खूश झाले. त्यांनी नाण्यांवरून बोट फिरवलं आणि आपल्याच गिऱ्हाइकाला परत पाठवलं. "ताई, आमच्या मुशीत गेलं की राणी काय आन् राजा काय, सगळं सारखंच. चांगली असतील ती आधी नाणीवाल्याला दाखवा. उरलेली घेऊन या." बोळाबाहेर आल्यावर त्या सल्ल्याच्या सन्मानार्थ खाऊ गल्लीत खिचिया पापड झाला.

मधल्या काळात घरून फोनवर सल्ले चालूच होते. एका काकूंनी चिंच आणि रांगोळी काढून नाणी लख्ख करायची तयारी केली होती. त्यांना वेळीच थांबवलं, कारण जुन्या चांदीवरचा काळसर थर घासला की संग्राहकाच्या लेखी नाण्याचा भाव पडतो. न्यू जर्सीतल्या चुलत भावाने 'इकडे पाठव, मी ऑनलाइन विकतो' म्हटलं. नाही जमणार बॉस! १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षं झालेली नाणी पुरावस्तूत मोडतात आणि ती तुम्हाआम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तिसऱ्याने पाठवला तो व्हिडिओ, 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा, आधी रजिस्ट्रेशन फी भरा'. त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव घालून लोकांना गंडवतात. बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता, की आम्ही असल्या व्यवहारात नसतो आणि कमिशन मागत नाही.

संध्याकाळी फोर्ट. फुटपाथवरच्या ट्रेमधल्या 'शिवकालीन' नाण्यांकडे कौतुकाने बघायचं, फोटो काढायचा आणि पुढे जायचं. सर फिरोजशाह मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे, २००४ साली सुरू झालेलं. विकायच्या आधी तिथे एक चक्कर माराच. आपल्या पुरचुंडीतले चेहरे काचेआड दिसले की भाव करताना आवाज बदलतो.

नाण्यांचा व्यापारी सापडला तो जवळच्याच एका जुन्या इमारतीत, लाकडी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर. मैत्रिणीने मुद्दाम काहीच सांगितलं नाही. ढिगात १९११ चा एक रुपया होता, तो तसाच राहू दिला. परीक्षाच म्हणा ना! काकांनी काटा बाजूला सारला, भिंग काढलं आणि एकेक नाणं उलटं-सुलटं करून चार ओळी लावल्या. अर्धा तास गेला. मैत्रिणीची सगळी भिस्त १८६२ लिहिलेल्या नऊ रुपयांवर होती, सगळ्यात जुने म्हणून. काका हसले. १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत तसंच छापलं जात होतं, त्यामुळे हे रुपये ढिगाने मिळतात. १९१८ चे तर त्याहून जास्त. पण त्यांची गोष्ट भन्नाट आहे. पहिल्या महायुद्धात इथे चांदी कमी पडली तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला विकली, हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. म्हणजे आजीच्या तांदळाच्या डब्यात अमेरिकन डॉलरही असू शकतो!

सहा रुपयांना कधीकाळी माळेत ओवायला कडी लावलेली होती. डाग दिलेलं नाणं संग्राहक घेत नाहीत, ते वजनावरच जाणार, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. आणि मग १९११. तो त्यांनी चिमटीत धरून वेगळ्या पाकिटात घातला. "हा मी वजनात घेत नाही." त्या वर्षीच्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगावर जो हत्ती कोरलाय त्याची सोंड इतकी आखूड दिसते की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, बरीचशी नाणी परत घेतली गेली, १९१२ ला हत्ती नीट काढला. उरलेल्यांना आजही मागणी असते. "माझ्याकडे दिलात तर घेईन, पण आधी प्रदर्शनात दोघातिघांना दाखवा."

आणखी एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. कुणी १९३९ चा रुपया दाखवला तर हुरळून जाऊ नका. तो खरंच दुर्मीळ आहे, म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून फसवणारे भरपूर.

भाव दोन भागांत ठरला, धातूचा वेगळा, नाण्याचा वेगळा. निम्म्या चांदीचे, झिजलेले आणि कडीवाले, त्या दिवसाच्या चांदीच्या भावातून चार टक्के कापून. ठसठशीत छाप असलेले बारा, चांदीच्या भावाच्या वर. टंचवाल्याची चिठ्ठी त्यांनी मागून घेतली, आपल्या मशीनवर पडताळली आणि कागदावर ओळवार सगळं लिहून सही केली. पैसे थेट खात्यात. चार टक्क्यांवर आम्ही थोडी घासाघीस केली, पण ते काही हलले नाहीत. मला ते आवडलं.

त्या कागदाच्या झेरॉक्स साताऱ्याला गेल्या. नातवंडांनी शेवटचा आकडा बघितला आणि अंगठ्याचे इमोजी टाकले. मावशींनी मात्र चष्मा लावून सगळा कागद वाचला आणि फोन केला, "या चोवीसांना कमी का?" मैत्रिणीने कडेवरची खाच, युद्ध, निम्मी चांदी, सगळं समजावलं. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या डुकराचं काय?" तो अजून विकलेला नाही, पाकिटातच आहे. मुंबईत, पुण्यात नाणेसंग्राहकांची प्रदर्शनं भरतात, तिथे लिलाववालेही येतात. पुढच्या प्रदर्शनाला मैत्रीण तो घेऊन जाणार आहे. मावशींनी सांगून ठेवलंय, "एकटी जाऊ नकोस, मी येते."