वाकडे टाके

शिवणकामाविषयी आम्ही लेखणी उचलावी, हे आमच्या घरात कोणासही खरे वाटणार नाही. सदऱ्याचे तुटलेले बटण लावण्यापलीकडे या कलेतील आमची गती कधी गेली नाही, आणि ते बटणही दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात येते. परंतु गेल्या महिन्यात एका अर्धवट गोधडीने आम्हांस विषय दिला आहे. तो टाळावा असे फार वाटले, पण टळेना.

आमची कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. घरात झबली, टोपरी, दुपटी यांची एकच गर्दी उसळली आहे. बाजारात नवे कापड हवे तितके मिळते. परंतु तान्ह्या बाळाच्या अंगाला लागावयाचे ते जुन्या सुती लुगड्याचेच हवे, हा आमच्या सौभाग्यवतींचा कटाक्ष. यात काटकसर आहे असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. वस्तुतः शेकडो वेळा धुतल्याने सुताची खळ आणि ताठरपणा जाऊन जे मऊपण येते, ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. काठ मात्र उतरवून घ्यावयाचे, कारण ते कोवळ्या कातडीला घासतात. अशी लुगडी शोधताना ट्रंकेच्या तळाशी आमच्या आईने आठ वर्षांपूर्वी शिवावयास घेतलेली आणि अपुरी राहिलेली लहानशी गोधडी हाती लागली. ती तिने पणतवंडासाठी घेतली होती. नात तेव्हा महाविद्यालयातही गेलेली नव्हती!

गोधडीसाठी लुगड्याचे तीन-चार पदर जमिनीवर ताणून पसरतात, लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घेतात, आणि मग कडेपासून धावदोरा घालीत चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे येतात. म्हणजे बाहेरची ओळ आधीची, आतली नंतरची. झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे यातही काळ वाचता येतो. फरक इतकाच की, येथे तो बाहेरून आत जातो.

बाहेरच्या ओळी पाहिल्या. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सारखे. पाच-सात फेरे असेच. पुढे टाके लांबू लागतात. एके ठिकाणी ओळ शेजारच्या ओळीवर चढली आहे. मग पांढरा दोरा संपतो आणि निळ्या लुगड्यावर एकाएकी लाल दोरा सुरू होतो. तोही वाकडा जातो, आणि मध्ये वीतभर चौकोन कोराच राहतो.

तो लाल दोरा आम्हांस चांगला आठवतो. "आईला या वयात रंगांची हौस आली," असे आम्ही जेवताना म्हणालो होतो, आणि सगळे हसलो होतो. आईही हसली होती. तिला पांढरा दोरा दिसेनासा झाला होता, हे त्यानंतर कित्येक महिन्यांनी, ती उंबऱ्याला अडखळून पडली तेव्हा, आम्हांस कळले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची. पण आमचे परीक्षेचे पेपर तपासून होईपर्यंत ती पुढे ढकलली, आणि तेवढ्यात दुसऱ्याच दुखण्याने आई गेली.

सूझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची १९१६ सालची 'ट्रायफल्स' ही एकांकिका आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविली. एका शेतकऱ्याचा खून झालेला असतो. अधिकारी पुरुष घरभर पुरावा शोधतात, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या दोन बायका गोधडीच्या तुकड्यांविषयी बोलताहेत हे ऐकून हसतात. त्याच तुकड्यांपैकी एकावरचे विस्कटलेले टाके पाहून त्या बायकांना आरोपी स्त्रीच्या मनाची अवस्था उमगते. हा प्रसंग समजावून देताना आम्ही त्या पुरुषांच्या आंधळेपणाची जी खिल्ली उडवीत असू, तिला वर्ग हमखास दाद देई. त्याच काळात आमची आई संध्याकाळी सुया घेऊन येई. "अरे, एवढ्या ओवून दे." आम्ही दोन ओवून देत असू आणि पुन्हा पेपरांत डोके खुपसत असू. दोन सुयांतील दोरा संपला की, तिचे काम दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थांबत असले पाहिजे.

नाटकातील एक बाई ते विस्कटलेले टाके उसवून नीट घालू लागते. आमच्या सौभाग्यवतींनी कात्री हाती घेतली तेव्हा आमच्या पोटात धस्स झाले. आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "अहो, असे काय बघता? सासूबाईंचे टाके मी उसवायची नाही. लोंबते दोरे तेवढे कापते, आणि मधले भरून काढते."

इतक्यात कन्येने डॉक्टरांची ताकीद सांगितली: पहिले वर्षभर बाळाला उताणे निजवावयाचे, आणि त्याच्या बिछान्यात गोधडी, उशी, सैल पांघरूण काही ठेवावयाचे नाही, श्वास कोंडण्याचे भय असते. आम्ही वाद घालण्याच्या बेतात होतो. आम्ही सगळे गोधडीतच वाढलो, वगैरे. सौभाग्यवतींनी क्षणभर हातातल्या कापडाकडे पाहिले. "बरोबर आहे. मग जागेपणी जमिनीवर अंथरू. पालथे पडायला शिकेल तेव्हा हीच लागेल."

आता रोज तिसऱ्या प्रहरी त्या खिडकीशी बसतात. निळ्यावर लाल दोराच चालू ठेवला आहे. काल त्यांनी सुयांची डबी आमच्यापुढे सरकविली. चष्मा पुसून आम्ही पहिली सुई उजेडाकडे धरली; दोरा चार वेळा नेढ्याच्या बाजूने गेला. पेपरांचा गठ्ठा टेबलावर होता. डबीत सुया अकरा होत्या, आणि त्या सगळ्या ओवावयास आम्हांस पाऊण तास लागला.