आढीत हात घालू नका!

ऐका! रविवारी पहाटे मला ४२ किलोमीटर धावायचं आहे आणि आज, गुरुवारी, माझ्या वेळापत्रकात काय लिहिलंय माहीत आहे? ‘२० मिनिटं. हळू.’ बस्स! उद्या? ‘विश्रांती.’ परवा? ‘१५ मिनिटं, वाटलं तर.’ वाटलं तर! मी तो कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही राहिलं असेल म्हणून. मागे कोरा!

आधीच सांगते, मी यातली जाणकार नाही. ही माझी पहिलीच ‘फुल’, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन. धावायला लागून दीड वर्ष झालं, त्यात एक हाफ झाली आणि मग मुंबई मॅरेथॉनला नाव घातलं आणि मग पावसाळाभर डोंबिवलीतली डबकी चुकवत धावले आणि मग थंडी आली आणि मग रविवारचा लाँग रन वाढत वाढत तीन आठवड्यांपूर्वी ३२ किलोमीटरवर गेला. मला वाटत होतं, शेवटचा आठवडा म्हणजे परीक्षेच्या आधीचा आठवडा. राहिलेला अभ्यास रात्री जागून उरकायचा! एखादा तीस किलोमीटरचा पल्ला अजून मारून घ्यायचा! आणि हे साफ उलटं निघालं! शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी कमी करत आणायचं. धावणारी मंडळी याला ‘टेपर’ म्हणतात. “काय गं, टेपर कसा चाललाय?” असं एकमेकींना विचारतात, जसं आपण “पाऊस कसा आहे तुमच्याकडे?” विचारतो!

खरी गंमत मंगळवारी कळली. भोगीच्या सकाळी उठले तर डावा गुडघा दुखतोय! वर्षभरात एकदाही न दुखलेला गुडघा! आणि मग दुपारी उजवी पोटरी धरली आणि मग संध्याकाळी घसा खवखवायला लागला आणि मग मी घाबरून खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काका ६३ वर्षांचे, मूळचे देवगडकडचे, रविवारी त्यांची नववी फुल. त्यांनी मला जिना चढायला लावला, उतरायला लावला, एका पायावर उभं केलं. आणि म्हणाले, “अगं, काही झालेलं नाही. अंतर कमी झालं की शरीर डागडुजीला बसतं. तुझं सगळं लक्ष आता तिकडेच, म्हणून एकेक ठोका ऐकू येतोय. आंबे आढीत घातलेत ना? मग दर तासाला पेंढा उचलून बघायचं नाही. आढीत हात घालू नकोस!”

आढी! तुम्ही पाहिली आहे ना? अंधाऱ्या खोलीत पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. वरून बघाल तर काहीच घडत नसतं. आणि आत केवढं घडत असतं! लांब पल्ल्यांनी स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा झालेली असते, ती या दिवसांत भरून येते. या आठवड्यात कितीही धावलं तरी त्याचा फायदा रविवारपर्यंत पायांत उतरत नाही, थकवा मात्र तेवढा उतरतो. म्हणजे सहा महिने जे केलं ते आत्ता पिकतंय! मी खुर्चीत बसून हे लिहितेय तेव्हा! मला हे इतकं आवडलंय की कालपासून भेटेल त्याला सांगत सुटलेय. भाजीवालीलासुद्धा सांगितलं. तिला चटकन पटलं. “आंबा दाबून बघतात ना, त्यानंच काळा पडतो,” म्हणाली.

आणि जेवण! जेवणाचं तर विचारूच नका!

आपल्या शरीरात साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन नावाचा, थोडा यकृतात आणि बराचसा स्नायूंत. सगळा मिळून साधारण दोन हजार कॅलरींचा. आणि धावायला लागतं किती? ढोबळ हिशेब असा की वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला एक कॅलरी. माझं वजन ६०. साठ गुणिले बेचाळीस, २५२०! कमी पडलं की नाही? मी हा गुणाकार स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर केला आणि बघतच राहिले. शरीर चरबीही जाळतं, पण ती सावकाश पेटणारी. म्हणून तिशीच्या आसपास, म्हणजे तिसाव्या किलोमीटरनंतर, भलेभले एकदम गळपटतात. त्याला ‘भिंत’ म्हणतात! आता कळलं मला, ती भिंत म्हणजे रिकामा डबा आहे! म्हणून हे तीन दिवस डबा काठोकाठ भरायचा आणि वाटेतही थोडं थोडं टाकत राहायचं. आणि अजून एक बारीकशी गोष्ट, प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणून या दिवसांत वजनाचा काटा किलोभर वर सरकतो आणि ते चांगलं लक्षण असतं! वजन वाढल्यावर मला इतका आनंद उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

तर आमच्या घरी काय चाललंय बघा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांत अगदी उंबरठ्यावर. मंगळवारी भोगीची बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी मनसोक्त खाल्ली, काल गुळपोळी खाल्ली आणि मग आजपासून भाकरी बंद, उसळ बंद, कोशिंबीर बंद! चोथा नको, तळलेलं नको, पोटात गडबड करील असं काही नको. सासूबाईंना वाटलं, मी उपास धरलाय. आणि मग मी ताट वाढून घेतलं. भात, बटाट्याची भाजी, पुन्हा भात, केळं आणि मुरांबा-पोळी! “हे पथ्य आहे?” त्यांनी विचारलं. हो आई, हेच पथ्य आहे! त्यांनी न बोलता अजून एक पोळी वाढली. मला गलबलून आलं.

आता बिब. आज अर्धी रजा टाकून बीकेसीला जाऊन घेऊन आले. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर, तो घरपोच येत नाही, जाऊन ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. मी लोकलमध्ये तो तीनदा पिशवीतून काढून पाहिला. कागदासारखा दिसतो पण फाटत नाही! चारही कोपऱ्यांना भोकं. आणि पाठीमागे एक पातळशी पट्टी चिकटवलेली, आत नागमोडी चकचकीत तार. ती चिप! सुरुवातीच्या रेषेवर अंथरलेल्या पट्ट्यावर पाय पडला की माझं घड्याळ सुरू, शेवटच्या पट्ट्यावर पडला की बंद. माझं! मागे हजारो लोकांत उभी असले, रेषेपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली, तरी ती माझ्या वेळेत धरत नाहीत! मी पलंगावर टी-शर्ट पसरला आणि मग चार सेफ्टी पिना घेऊन बिब लावायला बसले. पहिल्यांदा वाकडा गेला. दुसऱ्यांदा फार वर. आणि मग काकांनी सांगितलेलं आठवलं, टी-शर्ट अंगात घालूनच जागा ठरवायची, कारण अंगावर कापड वेगळं बसतं. घातला, आरशासमोर उभी राहिले, पिना लावल्या. चिपला घडी पडू दिली नाही. आणि मग आरशात तो नंबर उलटा दिसला आणि मला एकदम कळलं की हे खरंच होणार आहे!

काल रात्री झोप येईना, म्हणून शर्यतीच्या त्या विचित्र आकड्याच्या मागे लागले. ४२.१९५. ते वरचे १९५ मीटर कशाला? १८९६ साली अथेन्सला पहिल्या ऑलिंपिकमध्ये अंतर होतं साधारण चाळीस किलोमीटर. ती शर्यत स्पिरिडॉन लुईस नावाच्या ग्रीक माणसाने जिंकली. आणि मग १९०८ मध्ये लंडनला शर्यत सुरू केली विंडसर राजवाड्यापासून आणि संपवली स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड! आणि मग १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं! म्हणजे शेवटी माझे पाय जड झालेले असतील तेव्हा ते जे दोनशे मीटर उरतील, ते त्या राजवाड्याच्या हिशेबातले!

आणि त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे! १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष होते. त्यांनी अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं पाहिली आणि त्यांच्या वेळा पाहून ते थक्क झाले आणि मग त्यांनी पुढाकार घेऊन १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ पाठवला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉन धावले, २ तास ५० मिनिटांत, आणि जगात एकोणिसावे आले! बेळगावचा माणूस! शंभरहून जास्त वर्षांपूर्वी! हे आपल्याला शाळेत कुणी का सांगितलं नाही? आणि आज मुंबईच्या शर्यतीच्या नावात टाटा आहे. मी हे वाचलं आणि नवऱ्याला उठवून सांगितलं. रात्रीचा एक वाजला होता. झोपेला आता महत्त्व आहे, मान्य! शनिवारी रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही म्हणे, म्हणून शुक्रवारची रात्र सांभाळायची.

बाकी काकांचे नियम फटाफट सांगते. बूट नवे नकोत, मोजे नवे नकोत, काहीही नवं नको. खाणंही लाँग रनला खाल्लेलंच. नखं आजच कापायची, आदल्या रात्री नाही, चुकून खोल कापलं गेलं तर बरं व्हायला दिवस नकोत? काखेत, मांड्यांना, बोटांमध्ये व्हॅसलीन, कंजुषी न करता. पाणी तहानेप्रमाणे. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं, हे मला बिलकूल माहीत नव्हतं! आणि सगळ्यात अवघड, पहिले दहा किलोमीटर हळू. “लोक तुझ्या पुढे जातील. जाऊ देत. त्यातले निम्मे तुला पेडर रोडला भेटतील,” काका म्हणाले.

पेडर रोड! बसमधून कितीदा गेलेय, तिथे चढ आहे हे कधी जाणवलंही नव्हतं. पण तो परतीच्या वाटेवर येतो, पस्तीस किलोमीटर पायाखालून गेल्यावर! त्याच्या आधी वांद्रे-वरळी सागरी सेतू. तिथे एरवी पायी जायला बंदी आहे. या सकाळी मात्र त्यावर पावलं पडतात. त्यात माझी असतील!

आणि सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायचं कसं? सीएसएमटीहून पहाटे पाचच्या सुमाराला सुरुवात, मी डोंबिवलीत. टॅक्सीचा हिशेब मांडत बसले होते आणि मग कळलं की त्या दिवशी धावणाऱ्यांसाठी रेल्वे मध्यरात्रीनंतर खास लोकल सोडते! कल्याणहून तीनच्या सुमाराला! विचार करा, पहाटेची लोकल, बसायला जागा, आणि डब्यातल्या प्रत्येकाच्या छातीवर नंबर! काका म्हणतात, त्या डब्यात कुणी फारसं बोलत नाही. केळ्याची सालं काढल्याचा आवाज येतो तेवढा.

मला आत्ताही उठून एक चक्कर मारून यावंसं वाटतंय. फक्त दोन किलोमीटर! हवा काय सुंदर पडली आहे! पण नाही. वीस मिनिटं झाली आहेत. पेंढा उचलायचा नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. मुंबईत असाल तर रविवारी सकाळी पेडर रोडला या. संत्र्याच्या फोडी आणा, गुळाची चिक्की आणा, नाही तर नुसते हात मोकळे ठेवून या, टाळ्या वाजवायला. दरवर्षी तिथे लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत माणसं उभी असतात, ओळखपाळख नसलेल्यांच्या हातावर खाऊ ठेवतात. पुढचे वेगवान धावपटू गेले की घरी जाऊ नका, थांबा. माझ्यासारखे पहिल्यांदा धावणारे मागून येत असतात. माझ्या हिशेबाने मी साडेनऊच्या आसपास चढाला लागेन. टी-शर्ट पिवळा आहे.